शहरातील ओला कचरा, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आपली जमीन

शेतातून माल निघाला, वाशीच्या बाजारात त्याचा भाव झाला आणि पट्टी हाती पडली, म्हणजे त्या मालाशी आपला संबंध संपला असे आपण धरून चालतो. वस्तुतः कोबीच्या प्रत्येक गड्ड्याबरोबर आपल्या जमिनीतील नत्र, स्फुरद व पालाश ही गाव सोडून जातात. त्यांचा काही अंश मनुष्याच्या पोटात जातो; परंतु वरची पाने, देठ, साली व ताटात उरलेले अन्न ही अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांतील कचऱ्याच्या पेट्यांत पडतात. तेथून पुढे त्यांचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता महानगरपालिकेचा दिसतो. पण जमाखर्चाच्या दृष्टीने तो शेतकऱ्याचा आहे, कारण खर्ची पडलेली रक्कम त्याच्या खात्यातील आहे.

मुंबईत दररोज सुमारे सहा ते सात हजार टन कचरा निघतो व त्याचा अर्ध्याहून बराच अधिक भाग ओला असतो. हा सर्व माल वर्षानुवर्षे खाडीकाठच्या जागांवर ओतला गेला. देवनारचे क्षेपणस्थान १९२७ पासूनचे. बोरीवलीनजीकचे गोराईचे स्थान २००७ मध्ये व मुलुंडचे २०१८ मध्ये बंद करावे लागले. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या ढिगास आग लागून पूर्व उपनगरांवर दिवसेंदिवस धूर पसरला होता. ज्याने उकिरडा पाहिला आहे त्यास ह्याचे नवल वाटणार नाही. ओला पदार्थ हवेवाचून दडपून ठेवला की त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो. तोच पदार्थ हवा खेळती ठेवून रचला तर त्याचे खत होते. माल एकच, रचणाऱ्याच्या बुद्धीचा काय तो फरक.

आता ह्यात महाविद्यालयांचा संबंध कोठे येतो ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता ह्यांच्या याचिकेवर आज्ञा दिली, तेव्हापासून पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचा उपक्रम चालू झाला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरविला. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून चालू असून तिच्या स्वयंसेवकाकडून वर्षास १२० तास कामाची अपेक्षा असते. म्हणजे पुस्तकही आहे आणि हातही आहेत. तथापि ओझोनच्या थरावर चार पाने उत्तर लिहिणारा विद्यार्थी परीक्षा संपताच उपाहारगृहात उसळीची उरलेली वाटी, कागदी पेला व वेफर्सचे रिकामे पाकीट एकाच पेटीत टाकतो, हे दृश्य दुर्मीळ नाही. त्यास दोष देण्यापेक्षा त्या पेटीतील जिन्नस कोठे जातो हे त्यास कोणी दाखविले नाही, असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

ह्या तरुणांत तळमळ नाही असे मात्र नव्हे. अंधेरीजवळील वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह ह्या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाई आरंभिली, तीत कितीतरी विद्यार्थी राबले. २०१८ मध्ये त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिले निघाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे येथील वृक्षतोडीविषयी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांस पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रासच याचिका मानून तोड थांबविली. अर्थात तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडून गेली होती. असे प्रसंग मोठे असतात व वर्तमानपत्रांतही येतात. उपाहारगृहातील बादली रोजची असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. आमच्या मते खरी परीक्षा त्या बादलीचीच आहे.

ह्या कामाची विद्या परकी नाही. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्या दोघांनी इंदूरच्या संस्थेत काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख ह्यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ते परतवून सुमारे तीन महिन्यांत खत सिद्ध करण्याची रीत बसविली व १९३१ मध्ये तिजवर ग्रंथ लिहिला. ‘इंदूर पद्धती’ म्हणून जगभर गेलेल्या ह्या रीतीस उपनगरातील महाविद्यालयांची आवारे विशेष सोयीची आहेत. शिळे अन्न व भाज्यांचे अवशेष ह्यांत नत्र व पाणी फार. ते एकटेच रचले तर चिखल होऊन कुजकट वास सुटतो. उलट गुलमोहर, पर्जन्यवृक्ष व आंबा ह्यांच्या वाळल्या पाल्यात कर्ब विपुल, नत्र अल्प. दोहोंचे आलटून पालटून थर दिले, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवला आणि आठपंधरा दिवसांनी ढीग परतला, म्हणजे आतील उष्णता पंचावन्न अंशांवर चढते, तणांचे बी मरते व वास राहत नाही. असा पाला पुष्कळ ठिकाणी झाडून पेटवून देतात, हे पाहून शेतकऱ्याचा जीव कळवळावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या संस्थांस ओल्या कचऱ्याची व्यवस्था शक्यतो आपल्याच आवारात लावण्यास सांगितले. तेव्हा प्राचार्यांपुढे हा विषय मांडणारा विद्यार्थी काही नवलाचे मागत नाही.

खताचा हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करावा. शहरी कंपोस्टाच्या सरकारी मानकाप्रमाणे त्यात नत्र निदान ०.८ टक्के, स्फुरद व पालाश प्रत्येकी ०.४ टक्के आणि सेंद्रिय कर्ब १२ टक्के असावा लागतो. एका टनात नत्र आठ किलो झाला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत तो सुमारे पावणेएकवीस किलो असतो. एका गोणीची बरोबरी करावयास अडीच टनांहून अधिक खत व त्याची गाडीभाड्याची बाब. तेव्हा युरियाऐवजी म्हणून हे कोणी विकू लागल्यास त्याचे ऐकू नये. त्याचे मोल त्या टनातील १२० किलो सेंद्रिय कर्बात आहे, ज्याच्या अभावी जमीन पाणी धरीनाशी होते.

भय आहे ते भेसळीचे. काच, प्लॅस्टिकचे तुकडे, विजेरीतील जड धातू एकदा ओल्यात मिसळले की कोणतीही चाळणी ते पुरते काढू शकत नाही. मानकात शिशाची मर्यादा किलोस १०० मिलिग्रॅम व कॅडमियमची ५ मिलिग्रॅम ठेवली आहे ती ह्याच कारणाने. शेतात पडलेला धातू पावसाने धुऊन जात नाही, नातवापर्यंत तो मातीत राहतो. घाटकोपरच्या उपाहारगृहात ओल्या पेटीत टाकलेले घड्याळाचे एक बटण-सेल जुन्नरच्या वाफ्यात येऊ शकते, हे विद्यार्थ्यास सांगावयास शेतकऱ्याइतका अधिकारी दुसरा कोण?

ज्यांची मुले-मुली उपनगरांत शिकावयास आहेत त्यांनी दिवाळीच्या सुटीत त्यांस आपला खड्डा परतावयास लावावे, आणि जाताना एक काम सोपवावे: महाविद्यालयाच्या उपाहारगृहातील ओला कचरा आठवडाभर रोज तोलावा व त्यात परका जिन्नस किती निघाला ते वहीत वेगळे लिहावे. हे आकडे हाती आले की संघाने त्या संस्थेशी बोलणे करावे. खत घेण्यापूर्वी प्रयोगशाळेचा दाखला मागावा, चार मिलिमीटरच्या चाळणीतून मूठभर चाळून पाहावे, आणि पहिल्या हंगामास एका गुंठ्यावरच घालून शेजारचा गुंठा तुलनेसाठी तसाच ठेवावा.