आधी चाल, मग रूप, शेवटी रंग

रेल्वे इंजिनाचं मॉडेल करायला बसशील तेव्हा एक क्रम कधी मोडू नकोस. आधी चाल, मग रूप, शेवटी रंग. नव्या हाताला नेमका उलटा मोह होतो. रंगाची बाटली आधी उघडली जाते आणि चाकं अडखळतात हे सगळं जोडून झाल्यावर कळतं. ज्यांच्याकडून मी हे काम शिकलो, ते वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते सांगायचे की मागच्या पायरीवरचा दोष पुढची पायरी झाकत नाही, वाढवते. आता पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका वाक्याच्या पोटातलं आहे.

एक इंजिन, एक शेड, एक साल

पहिल्या कामाला डब्ल्यूडीएम-२ घे. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं हे डिझेल इंजिन १९६२ मध्ये भारतात आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. २६०० अश्वशक्तीचं हे इंजिन देशभर धावलं, त्यामुळे फोटो आणि आराखडे भरपूर सापडतात. आकारही सरळ आहे: एक लांब हूड, एक आखूड हूड, मध्ये कॅब आणि दोन्ही बाजूंना चालण्याची फळी. बहुतेक काम सरळ कडांचं असल्यामुळे हात बसायला हे इंजिन चांगलं.

पण नुसतं ‘डब्ल्यूडीएम-२’ करायचं असं ठरवू नकोस. त्यातल्या काहींचं आखूड हूड बुटकं आणि रुंद आहे, त्यांना जंबो म्हणतात. शेडप्रमाणे रंग बदलतात, आणि एकाच इंजिनाचे दिवे, जाळ्या, ब्रेकचे पाइप काही वर्षांत बदललेले असतात. म्हणून एक क्रमांक निवड, त्याची शेड निवड, साल निवड. त्या एकाच इंजिनाचे दोन्ही बाजूंचे, दोन्ही टोकांचे आणि पुलावरून घेतलेले छपराचे फोटो जमव. छपराचा फोटो सगळ्यात कमी मिळतो आणि मॉडेलकडे आपण कायम वरूनच पाहतो.

‘खेकडा’ लगेच करायला घेऊ नकोस. १९२८ च्या सुमाराचं ते डब्ल्यूसीजी-१ इंजिन भोर घाटावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला खुणावतं, मलाही. पण त्याची चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. दोन्ही बाजूंच्या दांड्या एकमेकींशी अचूक काटकोनात बसल्या नाहीत तर चाक फिरतच नाही. दोन-तीन बोगीवाली डिझेल इंजिनं हातून गेली की मग त्याच्याकडे वळ. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक खेकडा जपून ठेवला आहे. तो प्रत्यक्ष पाहून, दांड्यांची रचना समजून घेऊनच सुरुवात कर.

मापाचा हिशोब कागदावर

आपल्याकडे बहुतेक लोक एचओ मापात काम करतात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेल जवळपास १९७ मिमी. १०९२ मिमी व्यासाचं चाक साडेबारा मिमीचं होतं. इथवर हिशोब सोपा आहे. अडचण रुळांची आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, तो एचओत १९.३ मिमी यायला हवा. बाजारात मिळणारा एचओ रूळ मात्र १६.५ मिमीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजवरून ठरला आहे.

काही जण यावर तोड म्हणून संपूर्ण इंजिन शंभरपट लहान करतात. मग १६.५ मिमीचा रूळ ब्रॉडगेजशी जवळजवळ जुळतो, पण बाजारातली एचओ माणसं, घरं, गाड्या शेजारी ठेवल्या की इंजिन खुजं दिसतं. माझं मत असं की ८७ चं माप ठेव आणि अरुंद रूळ मान्य कर. मात्र बोगीची बाजूची चौकट चाकाला लागून आत ओढू नकोस. ती खऱ्या रुंदीवरच बसव आणि मधली जागा पट्टी घालून भर. चौकट जागेवर असली की चाक दीड-एक मिमी आत आहे हे बाजूने पाहणाऱ्याला जाणवत नाही.

नॅरोगेजची आवड असेल तर गणित आपल्या बाजूने आहे. बार्शी लाइट रेल्वे आणि विदर्भातली शकुंतला या दोन्ही ७६२ मिमी गेजच्या होत्या. एचओत ते ८.८ मिमी होतात आणि एन मापाचा ९ मिमी रूळ सहज मिळतो. एन मापाच्या चेसिसवर एचओ मापाची बॉडी चढवली की बार्शीची गाडी उभी करता येते.

चेसिस आधी चालव

भारतीय इंजिनाची बॉडी आपण करतो, पण चेसिस बहुतेकदा परदेशी मॉडेलची घ्यावी लागते. अल्कोच्याच घराण्यातल्या सहा आसांच्या इंजिनाची मिळाली तर उत्तम, कारण त्या बोगीतही आसांमधली अंतरं डब्ल्यूडीएम-२ सारखीच असमान असतात. घेतल्यावर ती बॉडीशिवाय, मध्यम वेगाने, अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालव. मग सगळ्यात कमी वेगावर आण. एकेक स्लीपर मोजत न थांबता सरकली तरच ती बॉडीच्या लायक समज.

अडखळत असेल तर पुढच्या क्रमाने तपास. चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिमी आहे का ते पाहा. सगळ्या चाकांतून वीज घेतली जाते का ते मीटरने तपास. घेतली जात नसेल तर फॉस्फर ब्राँझच्या बारीक तारेच्या पट्ट्या लाव. तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच, प्लॅस्टिकला न खाणारं, आणि मोटरच्या कम्युटेटरवर अजिबात नको.

दोन बोग्यांपैकी एकीला फक्त पुढे-मागे झुकू दे, डावी-उजवीकडे नको. दुसरीला सगळीकडे झुकू दे. असं केलं की इंजिन तीन बिंदूंवर उभं राहतं, उंचसखल रुळावर सगळी चाकं टेकलेली राहतात आणि बॉडी डुलत नाही. वजन दोन्ही बोग्यांच्या मधोमध येईल असं भर. शिसं वापरलंस तर हात साबणाने धू, मगच काही खा.

डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रणाचा डिकोडर बसवायचा असेल तर मोटरचं एकही टोक चेसिसच्या धातूला लागलेलं नाही याची खात्री मीटरने कर. डिकोडर जळण्याचं हे नेहमीचं कारण. तारांचे रंग पाठ कर: लाल आणि काळी रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्यांची सामाईक धन. प्रत्येक एलईडीला रोधक हवाच. एक किलो-ओहमपासून सुरुवात कर.

बॉडी: गुण्या लावून

स्टायरिन प्लॅस्टिकचा पत्रा एका फटक्यात आरपार कापायचा नसतो. लोखंडी पट्टी धरून कटर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरव, मग वाकवून तोड. कड सरळ येते आणि बोटंही शाबूत राहतात. पातं बोथट झालं की लगेच बदल, कारण बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते निसटतं.

बाजूच्या भिंती १ मिमीच्या घे, त्यावरचे दरवाजे आणि पट्ट्या पाव मिमीच्या. मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्यावरचे ८७ मिमी. जाड दरवाजा लावलास तर तो इंजिनाला ठोकलेल्या फळीसारखा दिसेल. हाच हिशोब कठड्यांना: ०.४ मिमीची पितळी तार म्हणजे खरा ३५ मिमीचा दांडा, त्याहून जाड नको. भोकं हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने पाड, आणि आधी सुईच्या टोकाने खूण कर, म्हणजे ड्रिल सरकणार नाही.

जोडताना दोन भाग कोरडे धरून गुण्या लाव. काटकोन जुळला की फटीत पातळ सिमेंट ब्रशच्या टोकाने सोड, ते आपोआप आत ओढलं जातं. हे सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, म्हणून थोडं पुरे. खिडकी उघडी ठेव. थ्रीडी छपाईची रेझिन बॉडी असेल तर घासताना मास्क लाव आणि ओल्या पॉलिश पेपरने घास, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. पायऱ्या आणि काऊकॅचर चिकटवण्याआधी चेसिसवर बॉडी ठेवून सगळ्यात तीव्र वळणावरून फिरव. बोगी जिथे घासते तिथे आतून छिलून घे. रंगानंतर हे करता येत नाही.

रंग: घाई नाही, पाऊस पाहून

रंग देण्याआधी बॉडी भांड्याच्या साबणाने धू, वाळव आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नकोस. करड्या प्रायमरचा पातळ हात दे आणि दिव्याखाली तिरकं धरून पाहा. भरलेल्या फटी, ओरखडे, सिमेंटचे डाग आत्ता दिसतील. दिसलं ते घास, पुन्हा प्रायमर दे. इथे गेलेली संध्याकाळ वाया जात नाही.

एअरब्रशचा रंग दुधाइतका पातळ कर, दाब १५ ते २० पीएसआय ठेव. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू कर आणि बाहेर संपव. फिका रंग आधी, गडद नंतर. टेप लावल्यावर आधी खालच्याच रंगाचा एक हलका फवारा टेपच्या कडेवर मार, मग दुसरा रंग. त्यामुळे फट बंद होते आणि रेघ स्वच्छ येते. टेप काढताना ती स्वतःवरच दुमडून हळू ओढ.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर लॅकर वापरणं टाळ. दमट हवेत तो पांढुरका पडतो. ॲक्रिलिक चालतो, पण पूर्ण सुकायला जास्त दिवस दे. उन्हात मात्र वाळवू नकोस, पातळ स्टायरिन आणि रेझिन दोन्ही वाकतात.

अक्षरं लावण्याआधी चकचकीत वॉर्निशचा हात दे. खरखरीत पृष्ठभागावर अक्षरांच्या डीकॅलखाली हवा राहते आणि तिची रुपेरी कड कायम दिसते. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, म्हणून पांढरे-पिवळे क्रमांक बाहेरून छापून घे. देवनागरी अक्षरं छापताना शिरोरेषा अखंड आली आहे का ते भिंगातून पाहा. आपल्या प्रेक्षकाला तुटलेली शिरोरेषा सगळ्यात आधी दिसते. शेवटी मॅट वॉर्निश.

मळवताना फोटो समोर असू दे. अल्कोचा काळा धूर प्रसिद्ध आहे, म्हणून धुराड्याभोवती काजळी. बोग्यांवर ब्रेकची तपकिरी धूळ, इंधनाच्या टाकीच्या तोंडाखाली ओघळ, आणि चालक जिथे पाय ठेवतो तिथे झिजलेली कड. या जागा सोडून इतरत्र हात आखडता घे.

वही ठेव, आणि पूर्ण कर

प्रत्येक इंजिनाची एक वही ठेव: कोणत्या रंगात कोणता किती मिसळला, कोणता डिकोडर, कोणतं तेल. काही वर्षांनी खरवडलेला कोपरा दुरुस्त करताना तीच उपयोगी येते, आणि तुझ्यानंतर ते इंजिन ज्याच्या हाती जाईल त्यालाही. कंटाळा आला, हुरूप मावळला, तर पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जा. एका माणसाच्या छंदातून उभ्या राहिलेल्या त्या छोट्या गावात १९९८ पासून गाड्या धावत आहेत. तिथे त्या किती सुबक आहेत यापेक्षा त्या किती सहज चालतात याकडे लक्ष दे.

आणि पहिलं इंजिन साधं निवड, पण पुरं कर. पेटीत पडलेली अर्धी इंजिनं फक्त सुरुवात करायला शिकवतात. पूर्ण केलेलं एक इंजिन पुढच्या सगळ्या इंजिनांचं काम शिकवतं.