शैक्षणिक दर्जा : परीक्षा आणि अध्यापन

शालेय शिक्षणाच्या दर्जावाढीचा आग्रह कोठारी आयोगाने (१९६४-६६) धरला. १९९१ मध्ये प्राथमिक इयत्तांसाठी किमान अध्ययन क्षमता मांडण्यात आल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली. मुले शाळेत टिकावीत, हा त्यामागील हेतू होता. तथापि, वाचन व गणितातील उणिवा पुढील इयत्तेत तशाच जातात, असा आक्षेप घेण्यात आला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला परीक्षा आणली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास जादा अध्यापन आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देणेही आवश्यक ठरविले. दर्जाची खरी कसोटी या दोन महिन्यांतच लागते. परीक्षा उणीव दाखविते. ती भरून काढणे हे अध्यापनाचेच कार्य होय.