शुद्धलेखन सोपे जाणारे मूल



झाशीच्या जुन्या तटाला जे दरवाजे आहेत त्यांपैकी एक खंडेराव गेट. अठराव्या शतकातील मराठी अंमलापासून या शहरात मराठी घराणी राहत आली आहेत. अशाच एखाद्या घरातील दुसरी-तिसरीतले मूल डोळ्यांसमोर आणा. शाळेतील हिंदी श्रुतलेखनात त्याचा एकही शब्द चुकत नाही. गुरुजी शाबासकी देतात, घरचे निश्चिंत होतात. अशा मुलाला साहाय्य कशाला हवे, असे आपणांस वाटेल.

हवे, कारण जे सहज येते त्याचे कारण मूल विचारीत नाही. त्याने शब्दाचे चित्र टिपून घेतलेले असते, एवढेच. मग एके दिवशी आजोबा त्याच्याकडून मराठी पत्र लिहवून घेतात. मूल 'कवि', 'शांति', 'बिंदु' असे लिहिते आणि आजोबा तिन्ही शब्दांवर रेघ ओढतात. कधी न चुकलेले मूल गोंधळते, आणि पुढे खात्रीचे तेवढेच शब्द वापरू लागते. चुकीपेक्षा ही भीती मला अधिक घातक वाटते.

रेघ ओढण्याऐवजी त्याला जवळ बसवून सांगावे, की मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ उच्चारतो, म्हणून १९६२ च्या लेखननियमांनी 'कवी', 'शांती', 'बिंदू' असे लिहावयाचे ठरले. त्यापूर्वी मराठीतही 'कवि'च लिहीत. घरी त्याआधी छापलेले मराठी बायबल असल्यास उघडून दाखवा. त्यात 'नाहीं' असा अनुस्वार दिसेल. नव्या मराठीतून तो गेला. हिंदीच्या 'नहीं'त आजही आहे. मग शाळेतले लेखन हिंदीपुरते बरोबरच होते, हे मुलाला उमगते. पुढे 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व, हे कोडे त्याच्यापुढे टाका. उत्तराची घाई नको.

हुशार मुलास अधिक कठीण शब्दांच्या लांब याद्या देण्याची चाल मला पसंत नाही. (धाकट्या भावंडांच्या वह्या तपासावयास लावणे तर त्याहून वाईट.) त्याऐवजी जोड्यांची एक वही करू द्या. पहिली जोडी त्याच्या गावाचीच: हिंदीत 'झाँसी', मराठीत 'झाशी'. मग फल-फळ, कमल-कमळ. पण 'लाल' तसाच लाल. मराठीत कोणत्याही शब्दाचा आरंभ 'ळ'ने होत नाही, हे त्याचे त्यालाच सापडू द्या. भाषांतराच्या मेजावर मला ज्यांनी फार विचार करावयास लावले ती नावेही वहीत येतील: येशू-यीशु, योहान-यूहन्ना, पेत्र-पतरस. मूळ ग्रीक नावे एकच. दोन भाषांनी ती निरनिराळ्या वाटांनी घेतली. प्रत्येक जोडीखाली मुलाने स्वतःचे एक वाक्य लिहावे, कारण अचूक लिहिता येणारा प्रत्येक शब्द त्याला समजलेला असतोच असे नाही.

शेवटचा इकार दीर्घ, तर 'आणि' ऱ्हस्व का, असे ते एखाद्या दिवशी विचारील. तो नियमाने मानलेला अपवाद आहे, एवढेच सांगावे. ओढूनताणून कारण देऊ नये.