क्लाउड सॉफ्टवेअरची वर्गणी आणि राज्यांचा विक्रीकर : वैद्यकीय व्यावसायिकांसाठी एक अभ्यास

बालरोगतज्ज्ञाने करविषयक लेख लिहावा, हे काही वाचकांस वावगे वाटण्याचा संभव आहे. परंतु लसीकरणाच्या नोंदी, वाढीचे आलेख, भेटींच्या वेळा आणि देयके ही सारी एकेकाळी आपल्या नोंदवहीत असत; पुढे ती दवाखान्यातील संगणकात गेली आणि आज ती कोठेतरी दूरच्या सर्व्हरवर असतात. सॉफ्टवेअर आता आपण विकत आणत नाही. दरमहा किंवा दरसाल वर्गणी भरतो आणि इंटरनेटद्वारे ते वापरतो. या वर्गणीवर राज्याचा विक्रीकर लागतो काय, लागल्यास तो कोणी भरावयाचा, हे प्रश्न आपल्या हैदराबादच्या मराठी मंडळींकडून मला वारंवार विचारले जातात. ज्यांची मुले, सुना व जावई अमेरिकेत वैद्यकीय व्यवसाय करीत आहेत, त्यांच्या दृष्टीने हे प्रश्न केवळ चर्चेपुरते नाहीत. म्हणून या विषयाचा जो अभ्यास मला करता आला, तो येथे मांडीत आहे.

वस्तू की सेवा? हैदराबादेतून निघालेला प्रश्न

या प्रश्नाचे मूळ आपल्याच शहराशी निगडित आहे. पूर्वीच्या आंध्र प्रदेश राज्याने १९५७ च्या सामान्य विक्रीकर कायद्यान्वये तयार सॉफ्टवेअरवर विक्रीकर आकारला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने त्यास आव्हान दिले. सॉफ्टवेअर हे बुद्धीचे अपत्य आहे, त्यास हात लावता येत नाही, मग ती 'वस्तू' कशी, असा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी निर्णय दिला की, तबकडीवर उतरवून बाजारात विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर ही 'वस्तू'च आहे आणि राज्यास त्यावर विक्रीकर घेता येईल.

त्या काळी तबकडी तरी हातात पडत असे. क्लाउडमध्ये ग्राहकाच्या हाती काहीच येत नाही; येतो तो केवळ प्रवेशाचा अधिकार. विक्रीकराचे कायदे हातात घेता येणाऱ्या मालासाठी घडलेले असल्यामुळे या अधिकारास वस्तू म्हणावे, सेवा म्हणावे की दोन्ही म्हणू नये, हा पेच उद्भवला. अमेरिकेत प्रत्येक राज्याने या पेचास आपापले उत्तर दिले आहे आणि तेथील गुंतागुंतीचे कारण हेच आहे.

अमेरिकेतील विक्रीकराची रचना

अमेरिकेत आपल्यासारखा देशव्यापी वस्तू व सेवा कर नाही. १९३० च्या दशकातील महामंदीत राज्यांचे उत्पन्न आटले, तेव्हा अनेक राज्यांनी विक्रीकराचा आश्रय घेतला. आज ४५ राज्यांत व राजधानी वॉशिंग्टनच्या प्रदेशात हा कर आहे. अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर व ओरेगॉन या पाच राज्यांत राज्यस्तरीय विक्रीकर नाही. बहुतेक ठिकाणी राज्याच्या दरात परगणा व शहर यांचा दर मिळविला जातो.

औषधाचे नुसते नाव ऐकून कोणी मात्रा विचारली, तर आपण आधी बाळाचे वय व वजन विचारतो. येथेही तसेच आहे. 'क्लाउड सॉफ्टवेअरवर कर किती?' या प्रश्नास एक उत्तर नाही. राज्य त्यास काय समजते, ते कोठे वापरले जाते आणि कर गोळा करण्याची जबाबदारी कोणावर आहे, या तीन गोष्टी ज्ञात झाल्याशिवाय दर सांगता येत नाही.

एकच वर्गणी, चार राज्ये

समजा, एका दवाखान्याने रुग्णनोंदी ठेवण्यासाठी वर्षाला १,००० डॉलर वर्गणीचे तयार सॉफ्टवेअर घेतले. २०२५ सालच्या नियमांनुसार त्यावरील कर पुढीलप्रमाणे होतो.

न्यूयॉर्क : येथे पूर्वरचित सॉफ्टवेअर हे वस्तूसमान मानतात. ते दूरच्या सर्व्हरवर असले, तरी ते वापरण्याचा व त्यास आज्ञा देण्याचा अधिकार ग्राहकास मिळतो, म्हणजे ताबा मिळाल्यासारखेच आहे, असा तेथील करखात्याचा युक्तिवाद आहे. न्यूयॉर्क शहरात एकूण दर ८.८७५ टक्के, म्हणजे कर ८८ डॉलर ७५ सेंट.

टेक्सास : येथे त्याच सॉफ्टवेअरला 'माहितीवर प्रक्रिया करण्याची सेवा' मानतात. या सेवेच्या मूल्यातील २० टक्के भाग करमुक्त असून ८० टक्क्यांवर कर लागतो. राज्याचा दर ६.२५ टक्के आणि स्थानिक दर जास्तीत जास्त २ टक्के. ह्यूस्टनमध्ये ८०० डॉलरवर ८.२५ टक्के, म्हणजे ६६ डॉलर.

कनेक्टिकट : येथे उद्देश पाहिला जातो. व्यवसायासाठी वापर असल्यास १ टक्का, म्हणजे १० डॉलर. वैयक्तिक वापरास ६.३५ टक्के.

कॅलिफोर्निया : येथील विक्रीकर मूर्त वस्तूंवरच आहे. तबकडी वा तत्सम काही हाती न देता केवळ इंटरनेटवरून वापर दिल्यास कर शून्य.

सॉफ्टवेअर तेच, किंमत तीच, डॉक्टरही तोच. परंतु कायद्याची दृष्टी बदलताच कर शून्यापासून जवळजवळ नऊ टक्क्यांपर्यंत जातो. डॅलसमधील मुलाचा अनुभव लॉस एंजेलिसमधील मुलीस लागू पडत नाही, तो याच कारणाने.

वापर कोठे होतो?

सर्व्हर कोठे आहे, यास कर आकारणाऱ्या बहुतेक राज्यांत महत्त्व नाही. वापरणारा माणूस कोठे आहे, यास आहे. न्यूयॉर्कचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. वरील दवाखान्याचे दहा वापरकर्ते असून सहा न्यूयॉर्क शहरात व चार न्यू जर्सीच्या शाखेत बसत असतील, तर न्यूयॉर्कचा कर सहा-दशांश रकमेवर, म्हणजे ६०० डॉलरवर लागेल आणि तो ५३ डॉलर २५ सेंट होईल. न्यू जर्सीत अशा वर्गणीवर सामान्यतः विक्रीकर नाही. मात्र ही विभागणी विक्रेत्यास आपण होऊन कळत नाही. वापरकर्त्यांची स्थाने त्यास कळविली नाहीत, तर देयकावरील एका पत्त्यानुसार संपूर्ण रकमेवर कर लागण्याचा संभव असतो.

देयकाच्या मांडणीलाही महत्त्व आहे. सॉफ्टवेअरची वर्गणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि जुन्या नोंदींचे स्थलांतर हे तिन्ही एका रकमेत दाखविल्यास अनेक राज्यांत संपूर्ण रकमेवर कर आकारला जाऊ शकतो. करमुक्त बाबी वेगळ्या व वाजवी रकमेने दाखविल्यास तो टळतो. करार करण्यापूर्वीच अशी मागणी करणे इष्ट होय.

कर कोणी गोळा करावा?

१९९२ च्या 'क्विल' खटल्यातील निर्णयानुसार, ज्या विक्रेत्याचे त्या राज्यात कार्यालय, गोदाम वा माणूस नाही, त्यास कर गोळा करण्याची सक्ती करता येत नसे. २१ जून २०१८ रोजी 'साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा नियम मोडीत काढला. साउथ डकोटाच्या कायद्यात वार्षिक १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार अशी मर्यादा होती. त्यानंतर विक्रीकर असलेल्या सर्व राज्यांनी असे कायदे केले. मर्यादा मात्र निरनिराळ्या आहेत. टेक्सास व कॅलिफोर्नियात ती ५ लाख डॉलर आहे. आपल्यापैकी कोणाचा मुलगा हैदराबादेत बसून अमेरिकन दवाखान्यांना सॉफ्टवेअरची वर्गणी विकत असेल, तर तेथे कार्यालय नसतानाही ही जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते, हे ध्यानात असावे.

आता डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब. मर्यादेखालील लहान विक्रेत्याने कर घेतलाच नाही, म्हणजे कर माफ झाला, असे नव्हे. विक्रीकराचे जुळे भावंड म्हणजे 'वापर कर'. वर्गणी करपात्र असलेल्या राज्यात विक्रेत्याने कर गोळा केला नाही, तर तेवढाच कर ग्राहकाने स्वतः भरावयाचा असतो. दवाखाना हा अंतिम ग्राहक आहे; तो सॉफ्टवेअर पुढे विकत नाही, त्यामुळे पुनर्विक्रीची सवलत त्यास मिळत नाही. धर्मादाय रुग्णालयांस अनेक राज्यांत सूट-प्रमाणपत्र मिळते. खासगी दवाखान्यास सामान्यतः नाही.

वर्षाचे साठ-सत्तर डॉलर ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु मोठ्या दवाखान्याची सर्व सॉफ्टवेअरे, प्रत्येक डॉक्टरामागे असलेली वर्गणी आणि अनेक वर्षांचा काळ यांचा गुणाकार केला की रकमेवर व्याज व दंड चढतो. विवरणपत्रच भरले नसेल, तर वसुलीस कालमर्यादेचे संरक्षण सामान्यतः मिळत नाही. दुसरे असे की, हे ऋण व्यवसायाला चिकटून राहते. निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांचा चालता दवाखाना तरुण डॉक्टर विकत घेतो, तेव्हा टेक्सास व न्यूयॉर्कसारख्या राज्यांत विक्रेत्याचा थकलेला कर खरेदीदाराच्या माथी येऊ शकतो. म्हणून टेक्सासमध्ये कर थकीत नसल्याचे प्रमाणपत्र मागावे आणि न्यूयॉर्कमध्ये खरेदीपूर्वी करखात्यास रीतसर सूचना द्यावी. जुनी थकबाकी आढळल्यास बहुतेक राज्यांत स्वेच्छेने माहिती देण्याची योजना असते. तीत बहुधा मागील तीन ते चार वर्षांचाच कर घेऊन दंड माफ केला जातो. मात्र खात्याची नोटीस येण्यापूर्वीच तेथे जावे लागते.

आपल्याकडील स्थिती

भारतात हा पेच निराळ्या मार्गाने सुटला. १६ मे २००८ पासून माहिती-तंत्रज्ञान सॉफ्टवेअरवर सेवाकर आला आणि एकाच तयार सॉफ्टवेअरवर मूल्यवर्धित कर व सेवाकर असे दोन्ही कर आकारले जाण्याची उदाहरणे घडली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हा वाद मावळला. क्लाउडवरील वर्गणी ही सेवा असून तिच्यावर १८ टक्के कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या दर-फेररचनेनंतरही तो कायम राहिला. हैदराबाद असो, बेळगाव असो वा इंदूर, दर एकच.

परंतु डॉक्टरांची अडचण येथेही उरतेच. आरोग्यसेवा करमुक्त आहे, त्यामुळे केवळ करमुक्त सेवा देणाऱ्या डॉक्टरांस नोंदणी करावी लागत नाही. पण भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. ३०,००० रुपयांच्या वर्गणीवरील ५,४०० रुपये हा आपला निव्वळ खर्च होय. सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेसारख्या करपात्र सेवा देणाऱ्या नोंदणीकृत रुग्णालयांस त्या प्रमाणात वजावट मिळू शकते. परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून घेतल्यास, १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या ग्राहकाबाबत कर भरण्याची जबाबदारी त्या कंपनीवर आहे, मग वापर घरगुती असो वा व्यावसायिक. किमतींची तुलना करताना म्हणूनच कर धरून येणारी रक्कम पाहावी.

समारोप

सारांश, कोणत्याही वर्गणीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. राज्य त्या सॉफ्टवेअरला काय समजते, हे लेखी विचारावे. वापरकर्त्यांची स्थाने विक्रेत्यास कळवावीत. देयकातील बाबी स्वतंत्र दाखविण्याचा आग्रह धरावा. आणि अमेरिकेत वर्षातून एकदा, कर न लागलेली सर्व देयके हिशेबनिसासमोर ठेवावीत. नियम बदलत असतात, तेव्हा अंतिम निर्णय त्या त्या राज्यातील करसल्लागारांच्या विचारानेच घ्यावा.

आपण रुग्णाच्या माथी जो खर्च मारतो, त्यात हा अदृश्य करही असतो. तो किती आहे आणि का आहे, हे डॉक्टरांस ठाऊक असेल, तर अनावश्यक कर टळेल, आवश्यक कर वेळेवर भरला जाईल आणि तरुण पिढीस जुन्या थकबाकीचा वारसा मिळणार नाही. आपल्या मंडळातील कुटुंबांनी हा लेख आपल्या परदेशस्थ मुलांस अवश्य वाचावयास द्यावा, ही विनंती.