१०० चे १२० केले तर?

प्रश्न : कामानिमित्त दर आठवड्याला चिंचवडहून नवी मुंबईला गाडीने जातो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे, मग सहा पदरी, दुभाजक असलेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर १०० च का? हल्लीच्या गाड्यांना शंभर म्हणजे काहीच नाही. जर्मनीत तर म्हणे मर्यादाच नसते. आपल्याकडे मात्र कॅमेरे लागल्यापासून जरा पाय जड झाला की चलान. मर्यादा वाढवायला हरकत काय आहे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : माझ्या मते वाढवू नये, निदान आज तरी नाही. पण तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. खुद्द केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये द्रुतगती मार्गांवर १४० पर्यंत वेग असावा असे मत मांडले होते. रस्ते सुधारले, दोन्ही बाजूंनी कुंपण आले, तरी आपली मानसिकता जुनीच राहिली, असे त्यांचे म्हणणे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाखाली केंद्र सरकार कमाल वेग ठरवते आणि एखाद्या रस्त्यासाठी तो कमी करण्याचा अधिकार राज्याला असतो. एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गावर कारसाठी १२० ची मुभा दिली. तरीही मुंबई–पुणे मार्गावर कारला सपाटीला १०० आणि बोरघाटात ६०, तर ट्रकसारख्या जड वाहनांना सपाटीला ८० आणि घाटात ४० अशी मर्यादा आहे. तेव्हा तुमची तक्रार राज्याच्या निर्णयाबद्दल आहे.

आता मिळणार काय ते पाहू. हा मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाट वगळून ढोबळमानाने ८० किलोमीटर सपाटी धरली, तर १०० ने ४८ मिनिटे लागतात, १२० ने ४०. म्हणजे आठ मिनिटे वाचतात, तीही गाडीचा काटा पूर्णवेळ १२० वर राहिला तर. प्रत्यक्षात उर्से आणि खालापूरचे टोलनाके आहेत, शनिवार सकाळची घाटातली रांग आहे. बरे, १२० ला हवेचा रोध १०० च्या तुलनेत ४४ टक्क्यांनी वाढतो, तो पेट्रोलच्या बिलात दिसतो.

आणि द्यावे काय लागते? भाताणचा बोगदा ओलांडून तुम्ही पुढे निघालात आणि समोर बंद पडलेला ट्रेलर लेन अडवून उभा आहे, असे समजा. १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. ट्रेलर दिसला, मेंदूला कळले, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात दीड सेकंद संपतो आणि ४२ मीटर मागे पडतात. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक करकचून दाबला, तर आणखी ५५ मीटर. ९७ मीटरवर गाडी थांबली, वाचलात. आता तोच चालक, तीच गाडी, वेग १२०. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ५० मीटर गेले. उरलेल्या ४७ मीटरमध्ये वेग उतरतो खरा, पण जिथे पहिली गाडी थांबली होती, त्या जागी ही गाडी अजून ताशी ७५ किलोमीटरच्या वर धावत असते. भारत एनकॅप या सुरक्षा-मानांकनात गाडीला तारे मिळतात, त्यातली समोरून धडकेची चाचणी ६४ च्या वेगाने घेतात. पाच तारेवाल्या गाडीचीही परीक्षा याहून कमी वेगात झालेली असते. नव्या गाड्या १२० ला डगमगत नाहीत, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. पण गाडी स्थिर धावणे वेगळे आणि वेळेत थांबणे वेगळे.

स्वीडनचे संशोधक योरान निल्सन यांनी यावर एक ठोकताळा मांडला, तो जगभर वापरला जातो. रस्त्यावरचा सरासरी वेग ५ टक्क्यांनी वाढला तर जीवघेणे अपघात साधारण २० टक्क्यांनी वाढतात. फलकावर २० वाढवले म्हणून सरासरी लगेच २० ने वाढत नाही, हेही खरे. पण थोडी वाढही महाग पडते. अमेरिकेने हे अनुभवले आहे. तेलटंचाईमुळे १९७४ मध्ये तिथे देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, १९८७ मध्ये ग्रामीण महामार्गांवर ती सैल झाली आणि १९९५ मध्ये देशव्यापी बंधनच उठले. त्यानंतरच्या दहा वर्षांत, १९९५ ते २००५, वाढलेल्या मर्यादांमुळे साडेबारा हजारांवर जादा मृत्यू झाले, असा हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. आणि ही गोष्ट लेन पाळणाऱ्या, सीटबेल्ट लावणाऱ्या देशाची आहे.

तरीही माझा मुख्य आक्षेप १२० या आकड्याला नाही. तो आहे एकाच रस्त्यावरच्या दोन गाड्यांच्या वेगातल्या फरकाला. पुण्याच्या टोकाच्या किवळ्याहून निघून लोणावळ्याकडे येताना चढ लागतो, तिथे पाहा. भरलेला ट्रक डाव्या लेनमधून ताशी ४० ने चढतो आहे. मागचा कंटेनर त्याहून पाचच किलोमीटर जास्त वेगाने त्याला ओव्हरटेक करायला मधल्या लेनमध्ये येतो. त्याच्या मागे तिसरा आहे, तोही दम न धरता थेट उजव्या लेनमध्ये शिरतो. तिन्ही लेन बंद. मागून येणाऱ्या कारला २०० मीटरवर हे चित्र दिसले, तर १०० च्या वेगात तिच्याकडे बारा सेकंद असतात आणि १२० च्या वेगात नऊ. त्या अवधीत अप्पर-डिप्पर मारून कोणी बाजूला होत नाही, मग डावीकडून फट शोधून गाडी घालायची. आपल्याकडचे लेन कटिंग बहुतेकदा असे जन्माला येते. ट्रकवाला ४० ने चढतो, कारण इंजिनाची तेवढीच ताकद आहे. कारची मर्यादा वाढवून त्याचा वेग वाढत नाही, दोघांच्या वेगातला फरक तेवढा वाढतो. उतारावर दुसरी तऱ्हा. डिझेल वाचवायला काही जण भरलेली गाडी न्यूट्रल करून घाट उतरवतात, इंजिनाचा धरून ठेवणारा जोर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि खोपोलीच्या अलीकडे लागायचे बंद होतात. त्या ट्रकसमोर तुम्ही साठने उतरत असाल, तरी तुमच्या हातात काही नसते.

जर्मनीचे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धवट देतात. तिथल्या ऑटोबानच्या बऱ्याच भागावर सक्तीची मर्यादा नाही हे खरे. १३० चा सल्ला मात्र १९७० च्या दशकापासून आहे. जड ट्रकला ८० आणि डावीकडच्या लेनमध्ये ठिय्या मारण्याची सोय नाही. ते उजवीकडून गाडी चालवतात, म्हणून ओव्हरटेक फक्त डावीकडून, उजवीकडून घालायला मनाई. रविवारी साडेसात टनांवरच्या ट्रकना रात्री दहापर्यंत रस्ताच बंद. आणि कारचा परवाना मिळवायचा तर नेहमीच्या शिकवणीशिवाय ऑटोबानवर पंचेचाळीस मिनिटांचे चार धडे आणि अंधारात तीन धडे सक्तीचे. आपल्याकडे कितीतरी माणसे पहिल्यांदा शंभरचा वेग गाठतात ती घरची सगळी मंडळी गाडीत घेऊन. त्यांना कुणी शिकवलेलेच नाही, दोष त्यांच्या एकट्याचा नाही.

समृद्धीवर १२० चालते, या तुमच्या मुद्द्याला मात्र उत्तर द्यायलाच हवे. तो रस्ता १५० च्या वेगासाठी आखला आहे आणि ट्रकची गर्दी तिथे या मार्गाइतकी नाही. पण सरळ, मोकळा रस्ता स्वतःचे धोके घेऊन येतो. लांबच लांब तेच ते दृश्य बघून चालकाची तंद्री लागते, तापलेल्या काँक्रीटवर झिजलेले टायर फुटतात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. त्या वर्षी टायर तपासून गाड्या माघारी पाठवण्याची वेळ यंत्रणेवर आली. तेव्हा समृद्धीचा दाखला १२० च्या बाजूने द्यायला मी तरी धजणार नाही.

देशाचा आकडाही डोळ्यांसमोर असू द्या. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. केंद्राच्या अहवालानुसार त्यांतले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले. पोलीस पंचनाम्यात अतिवेग हे कारण पटकन लिहून मोकळे होतात, रस्त्याची चूक, अंधार, उभा ट्रक मागे राहतो, हे मला मान्य आहे. पण निम्मा आकडा खोटा धरला तरी उरतो तो सोसवणारा नाही.

एका बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. काम संपून महिने लोटले तरी '४०' चा फलक तसाच, किंवा १०० वरून एकदम खाली आणणारा फलक वळणाआड, असे असेल तर चलान अन्यायाचे वाटणारच. आणि अशा एका फलकामुळे माणूस पुढच्या खऱ्या फलकावरही विश्वास ठेवत नाही. मर्यादा रस्त्याकडे पाहून पटली पाहिजे, कॅमेऱ्याआधी पुरेशी सूचना हवी. जुलै २०२४ पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा चालू आहे. तिचा खरा उपयोग दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजण्यात आहे, म्हणजे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेला की पुन्हा सुसाट, हा खेळ थांबतो. पण त्याच कॅमेऱ्यांनी उजव्या लेनमध्ये घुसलेल्या कंटेनरलाही तितक्याच नेमाने चलान धाडले पाहिजे. ते होऊ लागले, घाटमाथ्यावर जड वाहनांचे ब्रेक तपासले जाऊ लागले, बंद पडलेली गाडी लगेच हटवली जाऊ लागली, आणि हे सगळे सलग दोन-तीन वर्षे टिकले, तर एखाद्या सपाट पट्ट्यात दिवसा ११० करून पाहायला मीच पाठिंबा देईन.

पण त्याला एक जोड हवी. फ्रान्समध्ये द्रुतगती मार्गांवर कोरड्या दिवशी १३० आणि पाऊस असताना ११० अशी दोन मर्यादांची रीत आहे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये खंडाळ्याला दाट धुके उतरते, पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात, आणि फलकावरचा आकडा मात्र जानेवारीतलाच असतो. तो हवामान बघून बदलणारा करावा, ही मागणी तुम्ही आणि मी आजच करू शकतो.