वेगळा तवा, एकच पंगत : ग्लुटेनमुक्त आहार आणि आपले वसतिगृह

मूल निवासी शाळेत दाखल झाले की त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची जबाबदारी घराकडून वसतिगृहाच्या स्वयंपाकघराकडे येते. तेथे सर्वांसाठी एकच कणीक मळली जाते, एकच वरण शिजते, आणि बहुतेक मुलांना त्यात काहीही उणे नसते. परंतु एखादे मूल असे असते की तीच गव्हाची पोळी त्याला दिवसेंदिवस आतून पोखरत जाते. त्याचे पोट फुगते, वजन वाढत नाही, उंची खुंटते, आणि कारण मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा मुलांच्या आहाराविषयी पालक, माजी विद्यार्थी व समाजबांधव यांनी जाणून घ्यावे असे जे आहे, ते या लेखात क्रमाने मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हाची कणीक मळताना तिला जो चिवटपणा येतो, तो तिच्यातील ग्लुटेन या प्रथिनामुळे येतो. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत हे प्रथिन (किंवा त्याच जातीची प्रथिने) असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा, तसेच सर्व डाळी व कडधान्ये यांत ते नसते. ज्वारीच्या पिठाची पोळी लाटता येत नाही, भाकर थापावी लागते, याचे कारणही हेच आहे.

निरोगी माणसाला ग्लुटेनपासून कोणताही अपाय नाही. परंतु सिलिअ‍ॅक रोग असलेल्या व्यक्तीच्या शरीरात ग्लुटेन गेले, की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूस अन्नरस शोषून घेणारे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवले तरी लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. या रोगाकडे कल आनुवंशिक असतो. म्हणून एका मुलास तो आढळल्यास त्याच्या भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी करून घेणे हितावह ठरते.

गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी प्रस्थापित केला. त्यांना गव्हाविषयी शंका आधीपासूनच होती. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई होऊन पाव दुर्मीळ झाला. इतर लोक उपासमारीने खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारू लागली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी आपला प्रबंध १९५० साली सादर केला. तेव्हापासून आजतागायत या रोगावर एकच खात्रीचा उपाय आहे : ग्लुटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे.

आपल्याकडे हा रोग ओळखू का येत नाही?

भारतात गहू हेच मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडील भागात साधारण शंभरात एक व्यक्तीला हा रोग असल्याचे आढळले आहे. दक्षिणेत हे प्रमाण पुष्कळ कमी आहे. वर्धा जिल्हा या दोहोंच्या मधोमध वसलेला आहे. पूर्वी येथील ताटात ज्वारीची भाकर रोजची आणि गव्हाची पोळी सणावाराची असे. पुढे शेतात ज्वारीची जागा सोयाबीन व कपाशीने घेतली, रेशन दुकानातून गहू व तांदूळ येऊ लागले, आणि रोजच्या डब्यात पोळी स्थिरावली. ज्या मुलाच्या आजोबांना हा त्रास कधी जाणवला नसेल, त्या मुलाच्या पोटात आज दिवसातून दोन-तीन वेळा गहू जातो.

दुसरे कारण आपल्या भागाशीच निगडित आहे. मूल फिकट व अशक्त दिसले की आपण ते कुपोषण समजतो. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्यामुळे रक्तक्षयाचा संशय प्रथम तिकडे जातो, आणि तो जाणे योग्यच आहे. सिकलसेलची तपासणी व्हायलाच हवी. परंतु ती निर्दोष आली, लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढेना, वारंवार जुलाब होतात, पोट फुगते, तोंड येते, वयाच्या मानाने उंची कमी राहते किंवा वयात येण्यास उशीर होतो, अशा वेळी सिलिअ‍ॅकचा विचार डॉक्टरांपुढे अवश्य मांडावा. एकाच मुलास दोन्ही आजार असू शकतात, हेही विसरू नये.

येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. या रोगाचे निदान प्रथम रक्ततपासणीने व गरजेनुसार दुर्बिणीद्वारे आतड्याचा तुकडा तपासून केले जाते. आधीच गहू सोडला तर रक्तातील खुणा पुसट होतात व निदान चुकते. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली मोठी रुग्णालये आहेत. तेथील बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊनच पुढचे पाऊल टाकावे.

वऱ्हाडी ताट मुळातच पुरेसे आहे

‘गहू बंद’ म्हटले की पालकांचा धीर सुटतो. मूल आता खाणार तरी काय, हा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर शहरातील महागड्या पाकिटांत शोधण्याची गरज नाही. ते आपल्या आजीच्या चुलीपाशी आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, झुणका, पातोडीचा रस्सा, गोळाभात, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ज्वारीच्या कण्या, आंबील, लाह्या हे सारे पदार्थ मुळातच ग्लुटेनरहित आहेत.

पोषणाच्या दृष्टीनेही हे ताट कमी प्रतीचे नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळजवळ गव्हाइतकीच. बाजरीत लोह अधिक, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्वारीच्या प्रथिनात जो घटक कमी पडतो, तो तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत भरपूर असतो. भाकर आणि वरण ही जोडी पूर्वजांनी अनुभवातून जुळवली. आहारशास्त्र आज तिची पुष्टी करते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास किंवा जेवणानंतर संत्रे, पेरू, आवळा खाल्ल्यास भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

वसतिगृहातील एका दिवसाचा आहार पुढीलप्रमाणे ठेवता येईल. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे किंवा नाचणीची आंबील. दुपारी ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, जवसाची चटणी व ताक. सायंकाळी गूळ-शेंगदाणे अथवा ऋतूप्रमाणे बोर, पेरू, संत्रे. रात्री भात, मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा अंडी, आणि कोशिंबीर. यांत कोणताही पदार्थ दुर्मीळ नाही व कोणताही आपल्या खर्चाच्या आवाक्याबाहेर नाही. बाजारात मिळणारी ग्लुटेनमुक्त बिस्किटे क्वचित खाण्यास हरकत नाही; परंतु त्यांत साखर व मैद्याऐवजी वापरलेला स्टार्चच अधिक असतो, हे ध्यानी घ्यावे.

लपलेला गहू

पोळी, पुरी, पाव, बिस्किटे, रवा, मैदा, दलिया, शेवया, नूडल्स यांत गहू आहे हे उघड आहे. त्रास होतो तो न दिसणाऱ्या गव्हाचा.

१. हिंग : बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. वरणाला दिलेल्या फोडणीतून तो पोटात जातो. डबीवरील घटकपदार्थ वाचावेत. खात्री नसल्यास हिंग वगळावा.

२. सातू : नावाने सातू म्हणजे जव, आणि आपल्याकडे घरोघरी केल्या जाणाऱ्या सातूच्या पिठात भाजलेला गहू असतो. दोन्ही वर्ज्य.

३. कुरडई : गव्हाच्या चिकाची कुरडई वर्ज्य. मूग, उडीद किंवा ज्वारीचे पापड घरी केलेले असल्यास चालतात.

४. तळणाचे तेल : भजी बेसनाची असली तरी ज्या कढईत समोसे किंवा पुऱ्या तळल्या, त्याच तेलातली भजी चालत नाहीत.

५. गिरणी : हा सर्वांत मोठा धोका. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, की तिच्यात गव्हाचे पीठ मिसळते. शक्य असल्यास छोटी घरगुती चक्की ज्वारीसाठीच राखून ठेवावी. तोपर्यंत घरी मिक्सरवर किंवा जुन्या दगडी जात्यावर थोडे थोडे दळावे.

पाकीटबंद पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार त्यात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. यावरून पोळीचा एक लहानसा तुकडाही या मुलांना किती भारी पडतो, याची कल्पना यावी. ‘सणाचा दिवस आहे, एक घास खाल्ल्याने काय होते?’ असा आग्रह कोणीही करू नये.

वेगळेपणाचा प्रश्न

आता आम्ही या लेखातील सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळतो. अशा मुलासाठी वेगळा तवा, वेगळी परात, वेगळी चाळणी, वेगळा पिठाचा डबा आणि वाढण्याचे वेगळे चमचे ठेवणे अनिवार्य आहे. परंतु ‘वेगळी भांडी’ हे शब्द आपल्या समाजाच्या कानांना साधे वाटत नाहीत. वेगळा पेला, वेगळी पंगत, वरून ओतलेले पाणी यांचा अपमान आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते हा वेगळेपणा मोडण्यासाठी. तेव्हा आपल्याच शाळेत एखाद्या मुलाचे ताट बाजूला मांडलेले दिसले, तर त्याच्या व पाहणाऱ्यांच्याही मनात काय उभे राहील, हे सांगणे नलगे. शिवाय भाकर हे गरिबाचे अन्न व पोळी हे प्रतिष्ठेचे, ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. मूल लाजेपोटी चोरून पोळी खाते व पुन्हा आजारी पडते, याचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

यावर उपाय एकच : वेगळेपणा स्वयंपाकघरात राहावा, पंगतीत येऊ नये. भांडी कोणाची म्हणून नव्हे, कोणत्या धान्याची म्हणून वेगळी असावीत. ‘ज्वारीचा तवा’ आणि ‘गव्हाचा तवा’ अशी नावे स्वयंपाक्यांनीच रुढ करावीत. आठवड्यातून काही दिवस सर्वच मुलांना ज्वारीची भाकर वाढावी. त्या दिवशी कोणाचेही ताट निराळे दिसणार नाही, आणि इतर मुलांनाही एक पौष्टिक धान्य मिळेल. ज्वारीचा स्वयंपाक आधी उरकून मग कणीक भिजवावी. वैशाख पौर्णिमेला तांदळाची खीर असतेच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सामुदायिक भोजनात पुरीसोबत भाताचे भरपूर प्रमाण ठेवले व भाजीच्या पातेल्यात पुरीचा हात जाऊ दिला नाही, तर हे मूलही सर्वांबरोबर बसून जेवू शकेल. वर्गमित्रांना या आजाराची माहिती साध्या शब्दांत द्यावी, म्हणजे थट्टेची जागा काळजी घेईल. हा आजार स्पर्शाने किंवा सोबत जेवल्याने पसरत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगावे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मळात पडून होता; कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुऊन स्वच्छ केले, शय्येवर निजवले, आणि भिक्खूंना समजावले की येथे तुमची आई नाही, वडील नाहीत. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? निवासी शाळेला हा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो.

पालकांना, माजी विद्यार्थ्यांना विनंती

पालकांनी प्रवेशाच्या वेळीच मुलाच्या आजाराची माहिती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह अधीक्षकांना द्यावी. संकोचाने लपवू नये. सुटीत मूल घरी आले की मामा, काका, शेजारी यांनाही सांगून ठेवावे. वर्षातून निदान एकदा वजन, उंची व रक्ताची तपासणी करून घ्यावी. आहार काटेकोर पाळला गेल्यास बहुतेक मुलांचा त्रास काही आठवड्यांत कमी होऊ लागतो व पुढील महिन्यांत वजन-उंचीही सावरू लागते. बरे वाटू लागल्यावर पथ्य सोडणे हा मात्र मोठा धोका होय.

ज्यांना हा आजार नाही, त्यांनी केवळ इतरांचे पाहून गहू सोडण्याची आवश्यकता नाही. परंतु ताटात ज्वारीची भाकर परत आणणे सर्वांच्याच हिताचे आहे. जे माजी विद्यार्थी आज शेती करतात, त्यांनी बांधाकडेचे थोडे रान ज्वारीस द्यावे व सुगीत एखादे पोते शाळेच्या कोठारात पोहोचवावे. जे नोकरीत आहेत, त्यांनी मिळून स्वयंपाकघरासाठी एक छोटी चक्की घेऊन द्यावी. शाळेतील एकही मूल अन्नामुळे आजारी पडू नये आणि आजारामुळे पंगतीतून उठू नये, एवढी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून करावी, हीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची मनःपूर्वक विनंती आहे.