हळद कढीत, गोळी मात्र विचारून

गेवराईत बसस्टँडजवळ माझं मेडिकल आहे. हल्ली मोबाइलवरची जाहिरात पुढे करून ‘ही हळदीची गोळी ठेवता का?’ असं विचारणारं गिऱ्हाईक वाढलंय. अंगदुखीसाठी विचारणारे असतात, तसे घरात कॅन्सरची फाइल असलेलेही असतात. ती फाइल संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची असते, नाहीतर परळच्या टाटाची. या दुसऱ्या लोकांसाठी हे लिहितोय, कारण अशी एक फाइल आमच्याही घरात आहे.

मावशीला मिश्रीची सवय लहानपणापासूनची. गालाच्या आत, खालच्या दाढेजवळ पांढरा चट्टा आला. पुढं तिथं व्रण पडला, तिखट सोसेना, भाकरी दुधात कुस्करून खायची. दाताच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि तुकडा तपासायला सांगितलं. नेमक्या त्याच सुमारास गावात एकजण डबे घेऊन आला. ‘तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पळतो, त्यापेक्षा हळदीतलं कर्क्युमिन घ्या, अमेरिकेत सिद्ध झालंय,’ हे त्याचं बोलणं. मी नको म्हणत होतो. मावशी म्हणाली, “अरे, हळदच हाय की. रोज खातोच ना आपण? नुकसान काय होणाराय?” घरातल्या मोठ्यांनाही ते पटलं. तुकडा काढण्यापेक्षा गोळी सोपी.

हळदीनं तिचं काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते त्या डब्यांमध्ये गेलेल्या महिन्यांनी. तुकडा तपासला तोवर व्रण हाडापर्यंत पोचला होता. जबड्याचा एक भाग काढावा लागला, मग लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यावी लागली. आज मावशी आहे, बोलते, भांडतेसुद्धा. पण तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

तो डबेवाला सगळंच खोटं बोलत नव्हता, हीच यातली अडचण. हळदीवरचं काम खरं आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्याच देशात झालंय. केरळात त्रिशूरला रामदासन कुट्टन यांच्या गटानं १९८५ मध्ये हळदीच्या अर्काचा कॅन्सरच्या पेशींवरचा परिणाम प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी त्यांनीच सांगितलं, की उघड्या गाठींवर तो अर्क लावला तर दुर्गंधी आणि खाज कमी होते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये भिडे यांच्या गटानं १९९२ मध्ये उंदरांच्या खाद्यात हळद मिसळली, तर रसायनांनी होणाऱ्या पोटाच्या आणि कातडीच्या गाठी कमी झाल्या. पण हे सारं उंदरांत, काचेच्या भांड्यात नाहीतर वरून लावण्यापुरतं. अमेरिकेत ह्यूस्टनला ज्या शास्त्रज्ञानं कर्क्युमिनचं नाव जगभर नेलं, त्या भरत अग्रवाल यांचे दोन डझनांहून जास्त शोधनिबंध पुढं मागे घेतले गेले. जाहिरातीत ही गोष्ट येत नाही.

माणसांत काय झालं? ह्यूस्टनलाच २००८ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. दोघांत काही फरक दिसला, त्यातल्या एकाची गाठ थोडेच दिवस आकसली. आता हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन शेकडा ३च्या आसपास असतं. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद. एवढं पोटात जाऊनही रक्तात अगदी नाममात्र सापडतं, कारण आतडं ते नीट शोषत नाही आणि यकृत लगेच बाहेर काढतं. औषधांच्या रसायनशास्त्रातल्या काही मंडळींनी २०१७ मध्ये सगळ्या चाचण्यांचा आढावा घेतला. शंभरावर चाचण्या होऊनही, दुसऱ्या गटाला नकली गोळी देऊन केलेल्या काटेकोर चाचणीत कर्क्युमिन उत्तीर्ण झाल्याचं एकही उदाहरण त्यांना मिळालं नाही.

मग गोळीवाल्यांनी युक्ती काढली : मिरी. मिऱ्यातल्या पायपरीननं रक्तातलं कर्क्युमिन २० पट वाढतं, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं. डब्यावर हे मोठ्या अक्षरांत असतं. पण पायपरीन हे साधतं ते यकृताची औषधं मोडायची यंत्रणा अडवून, आणि ती यंत्रणा एकट्या हळदीसाठी नसते. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना टॅमोक्सिफेनसोबत कर्क्युमिन आणि पायपरीन दिलं, तर टॅमोक्सिफेनच्या असरदार रूपाची रक्तातली पातळी घसरली. त्या औषधावर बाई पाच-दहा वर्षं अवलंबून असते. उंदरांवरच्या एका प्रयोगात कर्क्युमिननं स्तनाच्या कॅन्सरवरच्या किमोचा जोरच कमी केला होता. त्यात रक्त पातळ करायच्या गोळीसोबत रक्तस्रावाची भीती वेगळीच, आणि मिरीवाल्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याचे रुग्ण इटली-अमेरिकेत नोंदले गेलेत. कढीतल्या चिमूटभर हळदीला यातलं काहीच लागू नाही. ती खुशाल घाला.

डबा उलटा करून वाचायची सवय लावा. पुष्कळ डब्यांवर बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं असतं, की हे औषधी वापरासाठी नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानं पूरक आहारावर तसं छापावंच लागतं. औषध नाही असं डबाच सांगतो, विकणारा मात्र ते झाकून कॅन्सर बरा करायची हमी देतो. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४च्या कायद्यानं बंदीच आहे.

सिद्ध झालेलं बघायचंच असेल, तर अमेरिकेपर्यंत जायला नको. शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं लाखाहून जास्त खेड्यातल्या बायकांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या तोंडाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदा झाली, तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एक तपासणी, तीही आपल्यासारख्याच उसाच्या, ज्वारीच्या गावांत. ते डबे घेऊन फिरणारा या तपासणीबद्दल कधी बोलला नाही.

तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर तुकडा तपासून घ्या. त्यानं कॅन्सर पसरत नाही, उलट उपचार काय करायचा ते त्यावरूनच ठरतं. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. मिश्री, गुटखा, तंबाखू तोंडात ठेवून वर हळदीची गोळी खाण्यात काही अर्थ नाही, हे मी मावशीच्या सुनेलाही सांगून थकलो.

आणि गोळ्या चालू असतीलच, तर लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून पेशंट हमखास हे दडवतात. टॅमोक्सिफेन न्यायला येणाऱ्या एका ताईंना मी कागदावर कर्क्युमिन किती मिलिग्रॅम, पायपरीन किती, ते लिहून दिलं आणि डबाही पिशवीत टाकायला लावला. नुसतं ‘हळदीच्या गोळ्या घेते’ म्हटलं, तर त्यात मिरी आहे हे डॉक्टरांना कळणार कसं?